इंदूरहून शरदातल्या सहली: दिवाळीपर्यंत घाटावर, दिवाळीनंतर घाटाखाली

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे पुण्याहून इंदूरला आलात, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत. पाऊस ओसरल्यावर सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी ठिकाणं हवी आहेत. शिवाय एखादा दिवस तुम्हा दोघांनाच मिळाला तर कुठे जावं, हेही विचारलंय. मी इंदुरातल्या मराठी कुटुंबांच्या एकदिवसीय सहली आखते आणि त्यांच्याबरोबर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर ही नावं तुम्हाला कुणीही शेजारी सांगेल. कोणत्या आठवड्यात कुठे जायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि शरदातली सहल साधते किंवा फसते ती त्यावरच.

त्यासाठी आधी इथली जमीन समजून घ्या. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. दक्षिणेला महू ओलांडून थोडं पुढे गेलं की हे पठार संपतं. तिथे विंध्याचा कडा, कड्याखाली निमाड आणि निमाडातून वाहणारी नर्मदा. पठारावरचे ओढे ह्याच कड्यावरून खाली कोसळतात, म्हणून पाताळपाणी, तिंछा, मेहंदी कुंड, मानपूरजवळची शीतलामाता हे सगळे धबधबे त्या कडेलाच सापडतात. वरचं पठार आणि खालचं नर्मदेचं खोरं ह्यांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. ऑक्टोबरमध्ये इंदुरात दुपारचं ऊन चटका देतं, पण सावलीत बरं वाटतं आणि संध्याकाळी हवेत गारवा येतो. त्याच दिवशी खाली महेश्वरला, खरगोनला माणूस घामाघूम होतो आणि नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्या अंधार पडल्यावरही कोमट लागतात. म्हणून माझी आखणी सरळ आहे. दिवाळीपर्यंत घाटाच्या, म्हणजे ह्या कड्याच्या, वर फिरायचं, दिवाळीनंतर घाट उतरायचा. ह्याला एकच अपवाद आहे, तो कोजागिरीचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाऊस पंचांग पाहून परतत नाही. पश्चिम मध्य प्रदेशातून तो साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत निघून जातो. सण मात्र मागेपुढे सरकतात. अधिक महिना येतो त्या वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीला जाते, आणि 'नवरात्र झालं की धबधबे बघू' म्हणणाऱ्यांना पाताळपाणीला काळ्या खडकावरून ओघळणारी एक बारीक धार बघून परतावं लागतं. पाण्याच्या सहली सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा बघून ठरवा. कोणता सण कधी आहे, ते त्यात मोजू नका.

तर पहिली सहल पाण्याची. पाताळपाणी इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. इथे चोरल नदी तीनशे फुटांच्या आसपास खाली पडते. ऐन पावसात तिचं पाणी गढूळ आणि रागीट असतं, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत ते निवळतं, आणि तेव्हाचं पाताळपाणी मला सगळ्यांत आवडतं. आजूबाजूला गवत अजून हिरवं असतं, काँस फुललेला असतो, टेकड्यांवर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे असतात. पण धबधबा कठड्याच्या अलीकडूनच बघायचा, ह्यात मी कुणाचंही ऐकत नाही. जुलै २०११ मध्ये इथे वरून अचानक लोंढा आला आणि खडकावर उभं असलेलं एक कुटुंब पाण्यात ओढलं गेलं. आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि वर दहा-पंधरा किलोमीटरवर सरी कोसळत असतात, हे परतीच्या पावसात नेहमी घडतं. हा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर गडगडाट करत येतो, म्हणून पाण्याच्या ठिकाणाहून दोनच्या आत निघायचं. तिंछालाही तोच नियम. मेहंदी कुंड आणि बामनिया कुंड ही पायवाटेनं, खडकांतून जायची ठिकाणं आहेत. तुमच्या घरचा गोतावळा पाहता ती मी सुचवणार नाही.

पाताळपाणीला टंट्या मामांचं देऊळ आहे. इंग्रजांना आणि सावकारांना वर्षानुवर्षं झुंजवणाऱ्या ह्या भिल्ल वीराला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिली. ह्या मार्गावरच्या गाड्या इथे क्षणभर थांबून मामांना सलामी देत, अशी इथली परंपरा. मुलाला ही गोष्ट देवळापाशी उभं राहून सांगा, धबधब्याइतकीच ती त्याच्या लक्षात राहील.

सासूबाई बरोबर असतील तर पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी पाहा. २०१८ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. साधारण साडेनऊ किलोमीटरचा घाट ती बोगद्यांतून, उंच पुलांवरून, मध्ये थांबत थांबत उतरते, आणि डब्याच्या खिडक्या एवढ्या मोठ्या आहेत की बसल्या जागी पूर्ण दरी दिसते. हा लोहमार्ग होळकरांच्या पैशावर झालेला आहे. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि १८७८ पर्यंत काम पुरं झालं. घाट उतरण्यासाठी त्या काळी खोदलेले बोगदे गाडीतून जाताना मोजायला मुलांना लावा. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात बांधून कलाकंद मिळतो, तो तिथेच खायचा, घरी आणला की ती चव राहत नाही. गाडी हंगामात, बहुधा शनिवार-रविवारी धावते आणि जागा झपाट्यानं भरतात. निघण्याआधी रेल्वेच्या आरक्षणाच्या पानावर तारीख बघून ठेवा. नुसतं स्टेशनवर जाऊन तिकीट मिळेल ह्या भरवशावर सासूबाईंना घेऊन निघू नका.

पाण्याची आणखी एक सहल जवळची आहे आणि ती अर्ध्या दिवसात होते, ती म्हणजे गुलावट. हातोदच्या बाजूला, इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, यशवंत सागर धरणाच्या फुगवट्यात कमळांचं मोठं पसरलेलं पाणी आहे. कमळ सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. त्यामुळे इथे साडेसातपर्यंत पोचायचं. दहानंतर गेलेल्यांना पानंच पानं दिसतात. होडी मिळते, शेजारी बांबूचं बन आहे, सासूबाईंना सपाट जमिनीवर चालता येतं. यशवंत सागर १९३९ साली गंभीर नदीवर बांधला गेला आणि २०२२ मध्ये इंदुरातल्या सिरपूर तलावाबरोबर त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. इथे सारसांच्या जोड्या दिसतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चक्रवाक उतरायला लागतात. ज्यांना फक्त दोघांना जायचंय त्यांना मी पहिलं नाव गुलावटचं सांगते, पण वाराचा दिवस, म्हणजे शनिवार-रविवार सोडून, असेल तरच. रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी असते की पाण्याजवळ उभं राहायला जागा मिळत नाही.

आता मांडू. ह्याच्यावर थोडं जास्त लिहिते, कारण शरद हा मांडूचाच ऋतू आहे आणि लोक चुकून ते पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. ऐन पावसात मांडूत ढग उतरतात, ते सुंदर असतं, पण दोन फुटांपलीकडचं दिसत नाही आणि गाड्यांची रांग कित्येकदा तासन्‌तास हलत नाही. ऑक्टोबरमध्ये ढग गेलेले असतात आणि पाणी राहिलेलं असतं. जहाज महाल शंभर मीटरहून लांब आहे आणि मुंज तलाव व कपूर तलाव ह्यांच्या मध्ये उभा आहे. दोन्ही तलाव काठोकाठ असतील तरच तो पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजासारखा दिसतो. जानेवारीनंतर पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो, आणि महालाला जहाज का म्हणतात हे मुलांना समजावून सांगावं लागतं.

इंदूर ते धार साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून मांडू पस्तीस. सकाळी सहाला निघालात तर धारला चहा-पोहे होतात. धारला पवारांची गादी होती, आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. मराठी माणसानं एवढं जवळून जाताना तो किल्ला डावलू नये असं मला वाटतं, पण त्याच दिवशी दोन्ही करायचा हट्ट नको. मांडूत शिरण्याच्या अलीकडे काकडा खोहची दरी लागते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिच्यात अजून पाणी असतं. पाच मिनिटं थांबून पुढे जा.

मांडूत बहुतेक लोक आधी जहाज महाल बघतात आणि सूर्यास्ताला रूपमती मंडपाकडे वळतात. मी उलट करते. नऊ-साडेनऊला थेट रूपमतीला जायचं. ऊन तापलेलं नसतं, चढ सोपा जातो, आणि पावसानं धुतलेल्या हवेत खाली निमाडात नर्मदा चमकत्या रेघेसारखी दिसण्याची शक्यता ह्याच दिवसांत सर्वांत जास्त. थंडी पडू लागली की खोऱ्यात धुरकं साचतं आणि ती रेघ हरवते. सासूबाईंना चढवू नका. खाली रेवाकुंड रस्त्यालगत आहे, काठावर सावली आहे, तिथे त्या निवांत बसतील. बाजबहादूर-रूपमतीची कहाणी सगळ्यांना ठाऊक असते. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आधम खान चालून आला आणि तिचा शेवट झाला, हे मात्र मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

परतताना सागर तलावाजवळ इको पॉइंट आहे. दाई महालाकडे तोंड करून हाक मारली की स्पष्ट उत्तर येतं. सहा वर्षांच्या मुलासाठी मांडूतली ही सगळ्यांत मोठी गोष्ट असेल, तिथे घाई करू नका. मग होशंगशहाची कबर आणि जामी मशीद. कबर पूर्ण संगमरवराची आहे, आणि शहाजहानचे वास्तुकार तिला मान द्यायला आले होते. त्यांचा १६५९ सालचा शिलालेख तिथे दारापाशी आहे. जामी मशिदीला पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंना खालूनच बघू द्या. दुपारचं जेवण इथे दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड पानिये पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या आगीवर भाजतात आणि तुपात बुडवून डाळीबरोबर खातात. नवा मका आलेला असतो, त्यामुळे ह्याच दिवसांत ते खरे गोड लागतात. रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या दिसतील. घ्याल तेव्हा कडक बघून घ्या, पिकलेली गाडीत चिरडतात. आणि मांडूची इमली, म्हणजे त्या प्रचंड बुंध्याच्या आफ्रिकी झाडांची फळं, आबालवृद्ध विकायला बसलेले असतात. कवच फोडलं की आत आंबट पांढरा गर असतो. मुलं हौसेनं खातात.

दुपारनंतर जहाज महाल. आता उन्हाची तिरीप तलावांवर पडते आणि महालाच्या कमानी पाण्यात उतरतात. गच्चीवर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, पण खालच्या दालनांत आणि बागेत चालायला काही त्रास नाही. गच्चीवर पाणी खेळवत नेणारी गोलगोल नाली मुलाला जरूर दाखवा. पाणी त्या वळणांतून जाताना गाळ मागे ठेवतं आणि मग कुंडात पडतं. पावसाचं पाणी गच्चीवरून साठवण्याची ही सगळी व्यवस्था पंधराव्या शतकातली आहे. शेजारी हिंडोला महालाच्या तिरक्या भिंती आणि चंपा बावडीची जमिनीखालची गार दालनं. पाचला बाहेर पडा. इथल्या स्मारकांच्या प्रत्येक समूहाचं तिकीट वेगळं असतं. तिकिटं सांभाळून ठेवा.

मांडूबद्दल एक गैरसमज काढून टाकते, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतं. कोजागिरीला जहाज महालावर चांदणं बघता येत नाही. पुरातत्त्व खात्याची तिकिटाची स्मारकं सूर्यास्ताला बंद होतात. मुक्काम करून बाहेर तलावाकाठी बसणार असाल तर गोष्ट वेगळी.

चांदण्यासाठी महेश्वरला जा. घाट उतरण्याचा तो अपवाद म्हणजे हाच. कोजागिरीच्या दिवशी दुपारी तीनच्या आधी निमाडात शिरायचंच नाही. चारला महेश्वर, ऊन कललेलं, आधी वाडा बघायचा. अहिल्याबाईंची गादी, देवघर आणि त्यातला सोन्याचा झोपाळा. सकाळी आलात तर वाड्यात मातीची छोटी शिवलिंगं करून त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनची ही लिंगार्चनाची पूजा आजही चालू आहे. वाड्यातून घाटावर उतरायला पायऱ्या बऱ्याच आहेत. सासूबाई वरच्या भिंतीशी बसल्या तरी त्यांना सगळी नदी दिसेल. सूर्यास्ताला होडीनं बाणेश्वरापर्यंत जाऊन या. नदीच्या मधोमध ते एकटं देऊळ आहे. मग चंद्र वर येतो, आणि घाट रात्री बंद होत नाहीत. आटीव दूध घरूनच थर्मासमध्ये न्या, वेलची, केशर, चारोळी घालून. महाराष्ट्रात आपण गच्चीवर बसून पितो, इथे ते नर्मदेकाठी प्यायचं.

रात्री परतताना जाम घाटानं येऊ नका. जाम दरवाजा स्वतः फार देखणा आहे, अहिल्याबाईंनी १७९१ च्या सुमाराला बांधून घेतलेला, आणि तिथून दिसणारं निमाड बघण्यासारखं आहे. पण तो दिवसाउजेडी जाताना बघा. रस्ता अरुंद, वळणाचा, रात्री धुकंही उतरतं. परतीला धामनोदवरून आग्रा-मुंबई महामार्ग धरा, वेळ जास्त लागला तरी. तिथेही घाटात अवजड ट्रकांपासून अंतर ठेवून चालवा.

नवरात्रात काय करायचं, हेही तुमच्या मनात असेल. देवासची टेकडी सर्वांना आठवते. तुळजाभवानी आणि चामुंडा ह्या दोन्ही देव्या तिथे आहेत, इंदूरहून फक्त पस्तीसेक किलोमीटर. माझा सल्ला: नवरात्रात तिथे सासूबाईंना नेऊ नका, आधी किंवा नंतर न्या. त्या नऊ दिवसांत रात्रंदिवस लोक पायी येतात आणि गाडी टेकडीपासून लांब ठेवावी लागते. इतर दिवशी वर जायला रोप-वे आहे. टेकडीखाली 'भानुकुल' हे गायक कुमार गंधर्वांचं घर आहे, १९४८ पासून ते देवासलाच राहिले. गाण्याची आवड असेल तर टेकडी उतरल्यावर त्या गल्लीतून चालत जा.

उज्जैनला गर्दीत महाकाल करण्यापेक्षा मुलासाठी वेधशाळा करा, असं मी कुटुंबांना आवर्जून सांगते. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते. दर्शन हवं असेल तर मंगळवार-बुधवार बघा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या वेधशाळेत शरदात एक गोष्ट समोर घडताना दिसते. नाडीवलय यंत्राला, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या तबकड्यांच्या यंत्राला, दोन तोंडं आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. २२ मार्चपासून २२ सप्टेंबरपर्यंत सूर्य उत्तरेकडच्या तबकडीवर सावली टाकतो. त्यानंतर तो दक्षिण गोलार्धात जातो आणि उत्तरेची तबकडी सावलीत बुडते, वेळ दक्षिणेकडची तबकडी दाखवू लागते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान असतात, तेव्हा शंकुयंत्राच्या, म्हणजे उभ्या खुंटाच्या, टोकाची सावली दिवसभर सरळ रेषेत सरकते. सहा वर्षांच्या मुलाला खगोल समजणार नाही, पण 'काल उजेड इकडे होता, आज तिकडे गेला' हे समजतं. सासूबाईंनाही सपाट बाग आहे. तिथून शहरात गोपाळ मंदिर बघा, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकालाची पालखी इथे येते आणि हरिहर भेट होते. ती बघायची तर उज्जैनला मुक्काम हवा.

दिवाळीनंतर घाट उतरा. तेव्हा निमाडाचा रंगच बदललेला असतो. कापसाची बोंडं फुटलेली, मिरच्या लाल झालेल्या, सकाळी हवा गार, दुपारीही उन्हात चालवतं. ओंकारेश्वर इंदूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, वाटेत चोरल नदी आणि घाट. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो आणि नर्मदा परिक्रमा सुरू होते. मराठी परिक्रमावासी पुष्कळदा ओंकारेश्वरापासूनच संकल्प सोडतात, आणि त्या आठवड्यात घाटावर पांढऱ्या कपड्यांतली, पाठीला छोटं बोचकं आणि हातात दंड घेतलेली पुण्या-सांगलीकडची माणसं भेटतात. सासूबाईंना त्यांच्याशी बोलू द्या. माझ्याबरोबर येणाऱ्या कितीतरी आज्या देवदर्शनापेक्षा ह्या गप्पांतच जास्त रमतात. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास इथे आहे, स्वच्छ आहे, वेळेवर साधं मराठी जेवण मिळतं.

ओंकारेश्वराच्या वर धरण आहे, त्यामुळे पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. वाजला की खडकांवरून, उथळ पाण्यातून तडक बाहेर यायचं. पाणी क्षणात चढतं. मुलाचा हात घाटावर सोडू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

ओंकारेश्वरहून सनावद, बेडिया करत रावेरखेडीला जाता येतं, आणि मराठी कुटुंबानं निदान एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी इथे नर्मदाकाठी गेले, वयाची चाळिशीही पूर्ण झाली नव्हती. दगडी आवारात साधी समाधी आहे. समोर नदी, आसपास शेतं, दुकान-गर्दी काही नाही. पुण्यात शनिवारवाड्यासमोर वाढलेल्या माणसाला ही जागा आतून हलवते. पण इथे खाण्यापिण्याची सोय धरू नका, शिदोरी आणि पाणी बरोबर हवंच. बेडियाला मिरचीचा मोठा बाजार भरतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून अंगणा-अंगणात, मैदानांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. गाडीच्या काचा वर ठेवा, ठसका लागतो.

तुम्हा दोघांच्या दिवसाबद्दल. कोजागिरीची गर्दी नको असेल तर दिवाळीनंतरचा वाराचा एखादा दिवस काढा आणि महेश्वरला जा. सकाळी विणकरांच्या गल्लीतून चाला, मागाचा आवाज दारापर्यंत ऐकू येतो. अहिल्याबाईंनी इथे विणकर वसवले. तो व्यवसाय विसाव्या शतकात मरगळल्यावर १९७९ पासून 'रेहवा' ह्या संस्थेनं पुन्हा उभा करायला हात दिला. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. घ्यायचीच असेल तर मागावरून उतरलेली बघून घ्या, इंदूरच्या दुकानातल्यापेक्षा निवड मोठी असते. दुपारी सहस्रधारेला, जिथे नर्मदा खडकांतून अनेक धारांनी वाहते, संध्याकाळी होडी. मांडूला जोडप्यांनी मुक्काम केला तर सकाळी सहा ते नऊ ह्या वेळात तलावांवर दुसरं कोणी नसतं, तोही पर्याय ठेवा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शरदात दिवस झपाट्यानं लहान होतो. कोजागिरीच्या सुमाराला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तुळशीच्या लग्नापर्यंत पावणेसहाच्या आत. दिवस मावळल्यावर माळव्याच्या रस्त्यांवर सोयाबीनच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळांना मागचा दिवा नसतो, आणि रस्त्यावर वाळत घातलेलं भुसकट चाकांखाली घसरतं. अंधार पडण्याआधी मोठ्या रस्त्याला लागलेलं असावं. शिदोरीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, कोरडी भाजी एवढं पुरतं. दही, ताकाचे प्रकार ऑक्टोबरच्या उन्हात गाडीत ठेवू नका. सकाळी निघताना उसळ-पोहे आणि जिलबी इंदुरातच खाऊन घ्या, पुढे पोटाला त्याइतकं मानवणारं काही मिळत नाही. लांब बाह्यांचे सुती कपडे घाला, पाऊस सरला तरी डास राहतात. स्वच्छतागृह महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर वापरून पुढे निघा. नंतर ते सापडेलच असं नाही, आणि सासूबाईंची अडचण तुम्ही आधी ओळखायला हवी, त्या सांगणार नाहीत.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी पाताळपाणी आणि जागा मिळाल्यास कालाकुंडची गाडी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाराच्या एखाद्या सकाळी गुलावट, त्यानंतर लगेच मांडू, मग कोजागिरीला महेश्वर. उज्जैनची वेधशाळा ह्यातल्या कोणत्याही मोकळ्या रविवारी बसते. दिवाळी झाल्यावर ओंकारेश्वर, आणि सासूबाईंना प्रवास सोसला तर रावेरखेडी. त्यांना एकावेळी किती पायऱ्या झेपतात आणि गाडीत सलग किती वेळ बसवतं, हे कळवलंत तर मांडूचा दिवस मी तासावारी आखून देईन.